यजमानाधारित उपचार म्हणजे केवळ प्रतिकारशक्ती वाढवणे नव्हे

परजीवीऐवजी रुग्णाच्या, म्हणजेच परजीवीच्या यजमानाच्या, शरीराला लक्ष्य करणारे उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवण्याचेच दुसरे नाव, हा समज बराच काळ रूढ आहे आणि तो अपुरा आहे. त्वचेच्या लेश्मानियासिस या परजीवीजन्य आजारात अँटिमनीयुक्त परजीवीनाशक औषधाच्या जोडीला तपासलेले इमिक्विमॉड हे औषध प्रतिकारयंत्रणेतील भक्षक पेशींना चेतवते, हे खरे. मात्र मेंदूतील फीतकृमीच्या गाठींवर अल्बेंडाझोल हे कृमिनाशक देताना सोबत स्टेरॉइड देऊन दाह मुद्दाम दाबला जातो, कारण मरणाऱ्या गाठीभोवतीचा दाहच फेफऱ्याच्या झटक्यांना कारणीभूत ठरू शकतो. अर्थात दाह दाबणे सर्वत्र हितकारक नसते. मेंदूच्या मलेरियात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने बेशुद्धी लांबल्याचे 1982 मध्येच थायलंडमधील चाचणीत दिसले.

तिसरा मार्ग मला सर्वांत लक्षणीय वाटतो. मलेरियाच्या परजीवीला तांबड्या पेशीतून बाहेर पडण्यासाठी त्या पेशीचेच एक विकर (एन्झाइम) उपयोगी पडते. ते रोखणारे, मूळचे रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब व्हिएतनाममध्ये नेहमीच्या मलेरियाविरोधी औषधांसह तपासले गेले. लक्ष्य परजीवीच्या जनुकांत नसल्याने औषधरोध निर्माण होणे अवघड जाते, पण अशक्य नसते. शिवाय निरोगी पेशींवरील दुष्परिणामांची शक्यता राहते. म्हणूनच हे उपचार परजीवीनाशकांना पर्याय म्हणून नव्हे, तर बहुधा जोड म्हणून अभ्यासले जात आहेत.