थर्मोस्टॅट वेगळा, फॅनचा स्विच वेगळा

"रेडिएटरचा फॅन लागत नाहीये, थर्मोस्टॅट गेला असणार." गाडी तापली की जो तो हेच म्हणतो, आणि गॅरेजमध्येही बरेचदा या वाक्याला मान डोलावली जाते. मग थर्मोस्टॅट मागितला की हातात स्विच येतो, स्विच मागितला की थर्मोस्टॅट येतो, आणि गाडी पुढच्या घाटात पुन्हा तापते. या दोन वस्तूंची गल्लत आता तरी थांबावी, म्हणून हे लिहितोय.

फॅन सगळ्यांना ठाऊक आहे. फ्यूज, रिले (फॅनला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) आणि मोटर एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात. एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी चालू होताच फॅन फिरू लागतो. फिरला तर मोटर ठीक आहे. फक्त तुमच्या गाडीला दोन फॅन असतील तर नेमका कोणता फिरला ते वाकून बघा. जुन्या जीपचा पट्ट्यावर फिरणारा फॅन हा इथला विषयच नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतलं दार. पितळी डबीत खास मेण असतं. ते तापून फुगलं की दांडा ढकलतो आणि झडप उघडते. साधारण ८२ अंशांना उघडायला सुरुवात होते. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तोवर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, दार उघडलं की रेडिएटरकडे जातं. साध्या गाडीतल्या या थर्मोस्टॅटला एकही वायर नसते. तो फॅनला काही सांगत नाही, सांगूही शकत नाही.

फॅनचा स्विच मात्र विजेचा. त्याच्या टोकाला लागलेलं पाणी ९२-९५ अंशांच्या आसपास गेलं की आतले कॉन्टॅक्ट जुळतात, रिले ओढला जातो आणि फॅन लागतो. चार-पाच अंश उतरले की बंद.

इथपर्यंत सरळ आहे. माणसं फसतात ती पुढच्या गोष्टीत: स्विचला फक्त त्याला लागलेलं पाणी कळतं, इंजिन किती तापलंय ते कळत नाही. अनेक जुन्या गाड्यांत हा स्विच रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. आता थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असं समजा. इंजिनातलं पाणी उकळायला आलंय, काटा लाल पट्ट्यात गेलाय, पण दार बंद असल्यामुळे ते गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. स्विच गार पाण्यात बसलाय. तो फॅन का लावेल? म्हणजे फॅन न लागण्याचं कारण थर्मोस्टॅट असू शकतं, पण तो फॅन चालवतो म्हणून नव्हे, तर त्याने स्विचपर्यंत ऊन पाणी जाऊच दिलं नाही म्हणून. हा फरक न कळल्यामुळे लोकांचे हजारो रुपये जातात.

माझ्या मेव्हण्याचंच बघा. कसारा घाटात गाडी तापली, फॅन गप्प. गॅरेजवाल्याने मोटर बदलली. पुढच्या खेपेला इगतपुरीच्या अलीकडे तेच, मग स्विच बदलला. तिसऱ्यांदा मी सोबत होतो. बॉनेट उघडलं तर इंजिनाकडून भट्टीसारखी धग येत होती. फॅनच्या पात्यांपासून हात लांब ठेवून रेडिएटरच्या खालच्या भागाला बोटं लावली, तर माठासारखा गार. इंजिनातून रेडिएटरकडे येणारी वरची रबरी नळी (होज) जेमतेम कोमट. कूलंट पुरेसं होतं, पट्टा आणि वॉटर पंप ठीक होते. उरला थर्मोस्टॅट. तो बदलल्यावर जुन्याच स्विचनेही फॅन लागला. स्विचचे पैसे गेले, मोटरचेही गेले.

हीच गोष्ट कूलंट कमी असताना घडते. पाण्याची पातळी उतरली किंवा हवा अडकली, की स्विचचं टोक हवेत राहतं. म्हणून कुठलाही भाग बदलण्याआधी, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, कूलंट बघा. गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. दाबाखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवताच मात्र भसकन वाफ होऊन तोंडावर येतं.

दुरून अंदाज बांधायचा तर गाडी कुठे तापते ते विचारा. हायवेला ८० च्या वेगाने नीट चालते आणि सिग्नलला किंवा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापते, तर संशय फॅन आणि स्विचवर, कारण हायवेला समोरचा वाराच फॅनचं काम करतो. हायवेलाही तापते, तर फॅनच्या मागे लागू नका. कूलंट, थर्मोस्टॅट, पंप आणि चोंदलेला रेडिएटर तपासा.

नव्या गाड्यांत स्विचच्या जागी सेन्सर असतो. तो फॅन लावत नाही, फक्त तापमान ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि निर्णय ईसीयू घेतो. यामुळे तपासायची रीत नेमकी उलटी होते. स्विचवाल्या गाडीत कपलर (स्विचला जोडलेला वायरींचा प्लग) काढून त्यातल्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. इग्निशन चालू असताना फॅन लागला, आणि स्विचपाशी पाणी गरम असूनही तो आपणहून लागत नसेल, तर स्विच गेलाय. सेन्सरवाल्या गाडीत वायरी जोडत बसू नका, नुसता कपलर काढा. ईसीयूला तापमान कळेनासं झालं की बहुतेक गाड्यांत तो खबरदारी म्हणून स्वतःहून फॅन लावतो. स्विचवाल्या गाडीचा नुसता कपलर काढून "बघा, फॅन नाही लागला, मोटर गेली" म्हणणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. तिथे कपलर काढल्यावर फॅन लागणारच नाही!

आता ज्याची मला मनापासून चीड येते ते. "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो." हा सल्ला साफ चुकीचा आहे. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिन ठरलेल्या तापमानावर ठेवण्यासाठी असतो. तो काढला की इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त पितं आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत तर उघडताना थर्मोस्टॅट बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो. गार व्हावी म्हणून काढला आणि गाडी आणखी तापू लागली, असं त्यामुळेच होतं.

"फॅन डायरेक्ट करून देतो", म्हणजे स्विच वगळून फॅनला थेट वीज जोडतो, हेही मला पटत नाही. घरी पोचण्यापुरतं ठीक. कायमचं केलं तर मूळ बिघाड झाकला जातो, मोटर विनाकारण झिजते, आणि रिले न घालता बारीक वायरवर फॅन चालवला तर वायर वितळते.

थर्मोस्टॅटची शंका घरी फेडता येते. झडप बोटाने किंचित उघडून तिच्यात दोरा अडकवा आणि त्याच दोऱ्याने तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा. पाणी तापत जाईल आणि झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून टपकन खाली पडेल. तो आकडा आणि कोरलेला आकडा ताडून बघा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा ८२ चा थर्मोस्टॅट खळखळ उकळी येऊनही पडला नाही तर तो टाकून द्या. नवा बसवताना गॅस्केट नवं घ्या. थर्मोस्टॅटच्या कडेला हवा जायला छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असेल, तर ती वरच्या बाजूला ठेवा.