वाहाकाच्या डोंगरातला मका

दक्षिण मेक्सिकोतील वाहाका राज्यात, मित्ला गावाजवळच्या कोरड्या डोंगरांत, गिला नाकित्स नावाची लहानशी गुहा आहे. पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी 1966 साली तेथे उत्खनन केले, तेव्हा भोपळ्याच्या बिया आणि मक्याच्या कणसांचे काही तुकडे हाती लागले. पुढे कालमापन झाले तेव्हा बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या, तर कणसे सुमारे 6,250 वर्षांपूर्वीची ठरली. कणसे कसली, बोटाच्या पेरांएवढीच ती. मक्याचा पूर्वज असलेल्या टिओसिंटे या रानगवताचे दाणे टणक कवचात बंद असतात आणि पिकताच गळून पडतात. या चिमुकल्या कणसांना मात्र दाणे घट्ट चिकटून राहत होते, म्हणजे पेरणाऱ्या माणसाची निवड तोवर पिकात उतरली होती.

याच मक्याच्या बळावर झापोटेक लोकांनी इ.स.पू. 500 च्या सुमारास तीन खोरी जिथे एकत्र येतात तिथला डोंगरमाथा सपाट करून मोन्ते आल्बान हे नगर वसवले. खोऱ्यापासून सुमारे 400 मीटर उंचीवरचे हे नगर हजारो माणसांना पोसत होते. पायथ्याच्या स्पॅनिशकालीन वाहाका शहरासह ते 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वारसा मात्र आजही शेतात उभा आहे. राज्याच्या ईशान्येकडील मिहे लोकांच्या डोंगराळ मुलखात, तोतोन्तेपेक गावी, पाच मीटरांच्या आसपास उंच वाढणारा एक मका पिकतो. साध्या मक्याला जमिनीलगत आधारमुळांचे एखाद-दुसरे वेढे असतात. याच्या ताटावर, जमिनीपासून बरेच वरपर्यंत, असे आठ-दहा वेढे येतात. पावसाळ्यात या लालसर, बोटांसारख्या मुळांवरून डिंकासारखा दाट, पारदर्शक द्राव ठिबकतो. त्यात भरपूर शर्करा असते. हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात बदलणारे जिवाणू त्या शर्करेवर जगतात, आणि त्यांच्या ज्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, त्याला या दाट द्रावात आडोसा मिळतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या मक्याला लागणाऱ्या नायट्रोजनपैकी 29 ते 82 टक्के असा हवेतून मिळतो. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत हेच काम चालते, हे आपल्याला ठाऊक आहे. तृणधान्यात ते एवढ्या प्रमाणात घडावे, ही विलक्षण गोष्ट आहे.

हे वाण कुठल्याही प्रयोगशाळेत तयार झालेले नाही. खताविना, हलक्या जमिनीत तग धरणारी कणसे पिढ्यान्‌पिढ्या बियाण्यासाठी बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनी ते घडवले. म्हणूनच संशोधकांनी गावाशी लाभवाटपाचा करार केला आणि मेक्सिको सरकारची परवानगीही घेतली. हा गुणधर्म इतर वाणांत उतरवणे सोपे नाही, आणि या मक्याचे पीक तयार व्हायलाही जवळजवळ आठ महिने लागतात.