मुलींचा मेंदू खरंच वेगळा असतो का?

परवा बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात दोन आया बोलत होत्या, दोघींची मुलं सातवीत, एकीची मुलगी, एकीचा मुलगा. मुलाची आई म्हणाली, "अगं मुलींचा मेंदूच वेगळा असतो, आमच्याला अजून अक्कल कुठे आलीय!" मला अंधेरीला उतरायचं होतं, नाहीतर तिथेच बोलले असते.

फरक आहे, नाही असं नाही. पुरुषांचा मेंदू सरासरी १०-११ टक्के मोठा असतो आणि हा फरक जन्मापासूनच दिसतो. पण एकूण आकार हिशोबात धरला की बाकीचे बरेचसे फरक एकदम किरकोळ होऊन जातात. आणि हुशारी काही अशी वजनकाट्यावर मोजता येत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वय. अमेरिकेत ३ ते २७ वयाच्या ३८७ जणांचे मिळून ८२९ एमआरआय काढले होते, २००७ साली तो अभ्यास छापून आला. त्यात मुलींच्या मेंदूचा आकार साधारण साडेदहाव्या वर्षी सगळ्यात मोठा होता, मुलांचा साडेचौदाव्या वर्षी. म्हणजे सातवीच्या वर्गात एका बाकावर बसलेल्या दोघांचे मेंदू वाढीच्या वेगळ्या टप्प्यावर असू शकतात. पण आकार पूर्ण झाला म्हणजे मेंदू पिकला असं नाही हं, त्यानंतरही आत पेशींमधल्या नको त्या जोडण्यांची छाटणी, हव्या त्यांची जोडणी चालूच राहते, पार पंचविशीच्या पुढेपर्यंत.

"बायकांच्या मेंदूचे डावा-उजवा असे दोन भाग जास्त जोडलेले असतात" हे तर सगळ्यांनीच ऐकलंय. त्याचं मूळ १९८२ च्या एका शोधनिबंधात आहे आणि तो होता फक्त १४ मेंदूंवर! १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो फरक टिकलाच नाही, पण अजून लोक मुलींना तेच ऐकवतात, याचा मला खरंच राग येतो.

त्यापेक्षा मोठी गोष्ट गरोदरपणात होते. २०१७ च्या अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूत काही ठिकाणी ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशी दाटीने असतात तो करडा भाग, कमी झालेलं दिसलं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागतात त्याच भागांत, आणि ते दोन वर्षांनीही तसंच होतं. स्मरणशक्ती मात्र घटली नव्हती. बदल इतका ठळक, की नुसत्या स्कॅनवरून कॉम्प्युटरने कोण गरोदर राहून गेलीय ते बरोब्बर ओळखलं. लोकलमधल्या त्या दोघी मुलांच्या मेंदूबद्दल बोलत होत्या, त्यांच्या स्वतःच्या मेंदूत तो बदल बारा वर्षांपूर्वीच होऊन गेला असणार.