लिंगताठरतेची औषधे

समागमापुरती ताठरता वारंवार न येणे किंवा आलेली न टिकणे या तक्रारीवर दिली जाणारी औषधे. त्यांत तोंडाने घ्यायच्या गोळ्या सर्वाधिक वापरल्या जातात. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल आणि अव्हानाफिल ही त्यांतली मुख्य नावे. चारही गोळ्या शरीरातल्या पीडीई-५ या एकाच विकराला (एन्झाइमला) रोखतात.

या गोळ्या कामेच्छा वाढवत नाहीत आणि आपण होऊन ताठरताही आणत नाहीत. मनातून किंवा स्पर्शाने उत्तेजना मिळाली की शिश्नातल्या मज्जातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यामुळे सीजीएमपी नावाचे रसायन तयार होते, वाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात आणि शिश्नातल्या स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरू लागते. फुगलेल्या ऊतीखाली बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात, त्यामुळे भरलेले रक्त तिथेच राहते. पीडीई-५ हे विकर सीजीएमपीचे सतत विघटन करत असते. गोळी त्याला थोपवते, म्हणून तयार झालेले रसायन जास्त काळ टिकते. हे काम हौदाची गळती बुजवण्यासारखे आहे. वरून पाणीच आले नाही तर गळती बुजवून हौद भरत नाही. ‘गोळी घेऊन वाट पाहिली, काहीच झाले नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावले असतील किंवा जुन्या मधुमेहाने त्यांची हानी झाली असेल, तर मुळात नायट्रिक ऑक्साइडच कमी पडते आणि गोळीचा गुणही कमी येतो.

सिल्डेनाफिल मुळात हृदयविकारासाठी तपासले जात होते. इंग्लंडमधल्या सँडविच येथील फायझरच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. छातीतल्या कळांवर त्याचा अपेक्षेइतका उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातला संदेशवाहक आहे हे दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले.

सिल्डेनाफिलची नेहमीची मात्रा ५० मिलिग्रॅम असते. ती समागमाच्या साधारण तासभर आधी घेतात. गरजेनुसार डॉक्टर ती २५ वर आणतात किंवा १०० पर्यंत नेतात. दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा ती घ्यायची नसते. तेलकट-तुपकट जेवणावर घेतली तर परिणाम उशिरा आणि फिका होतो. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही. त्याचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे घड्याळाकडे पाहावे लागत नाही. तेच औषध २.५ किंवा ५ मिलिग्रॅम या लहान मात्रेत रोजही देतात. एकदोनदा गुण आला नाही म्हणून औषध निकामी ठरवणे घाईचे आहे. योग्य मात्रेत, योग्य वेळी आणि पुरेशा उत्तेजनेसह ते अनेकदा घेऊन पाहावे लागते.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे आणि अपचन हे नेहमीचे त्रास. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ सगळे निळसर दिसते, कारण डोळ्यातल्या पीडीई-६ या भावंड-विकरावरही त्याचा थोडा परिणाम होतो. टाडालाफिलने पाठ आणि अंग दुखू शकते. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, एकाएकी दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

खरा धोका या गोळ्या नायट्रेट औषधांसोबत घेण्याचा आहे; ही औषधे छातीतल्या कळांवर दिली जातात. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, फवारा, आयसोसॉर्बाइड आणि नशेसाठी हुंगले जाणारे ‘पॉपर्स’ ही सगळी नायट्रिक ऑक्साइड पुरवतात. एकीकडे पुरवठा वाढतो आणि दुसरीकडे विघटन थांबते, त्यामुळे रक्तदाब जीव जाईल इतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. छातीत कळा येऊन माणूस तातडीच्या विभागात पोहोचतो, शेजारी नातेवाईक उभे असतात, ‘कोणती गोळी घेतली होती का?’ असे डॉक्टर विचारतात आणि लाजेपोटी तो ‘नाही’ म्हणतो. हे एक उत्तर जिवावर बेतू शकते. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधे, बुरशीवरचे किटोकोनॅझोल आणि एचआयव्हीवरचे रिटोनाविर चालू असेल, तर ताठरतेच्या गोळीची मात्रा कमी करावी लागते. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर प्रकृती स्थिरावेपर्यंत गोळी टाळतात.

डॉक्टरांकडे न जाता परस्पर गोळी घेण्यात आणखी एक तोटा आहे. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्या आधी आकसतात. त्यामुळे ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या आधी काही वर्षे दिसू शकते. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासण्याची ती वेळ असते. ‘पूर्णपणे वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत लपवून मिसळलेले सिल्डेनाफिल अनेकदा सापडले आहे. नायट्रेट घेणारा हृदयरुग्ण ते निर्धास्तपणे घेतो, हे जास्त भयंकर आहे.

गोळ्यांचा उपयोग झाला नाही किंवा त्या वर्ज्य असल्या, तर अल्प्रोस्टाडिलचे इंजेक्शन थेट शिश्नात घेता येते. त्याला मज्जातंतूंच्या संदेशाची गरज नसते. निर्वात पंप आणि शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण हेही पर्याय आहेत. तक्रारीचे मूळ चिंतेत किंवा नात्यातल्या ताणात असेल, तर समुपदेशनाची जोड दिल्यास गोळीचा उपयोग वाढतो.