पार्श्वभूमी : ‘एचडी रेडी’चा शिक्का आणि गेममधली न दिसणारी अक्षरं

३२ इंची टीव्ही घ्यायला दुकानात गेलं, की आजही खोक्यावर ‘एचडी रेडी’ असं छापलेलं दिसतं. गेम बनवणाऱ्यांपुरतं बोलायचं, तर गेल्या वीस वर्षांत या दोन शब्दांनी जितका घोळ घातला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने घातला असेल. खेळणाऱ्याच्या घरी कोणती स्क्रीन आहे हे आपल्याला कळलं, असं या शिक्क्यामुळे वाटायचं. प्रत्यक्षात काही कळलेलं नसायचं.

त्याआधीचा काळ त्या मानाने सोपा होता. कॉम्प्युटरचं चित्र स्क्रीनवर काढणारी कार्डं मोजकीच होती : १९८१ मध्ये सीजीए आलं, १९८४ मध्ये ईजीए, १९८७ मध्ये व्हीजीए. गेम सुरू होतानाच ‘तुमच्याकडे कोणतं कार्ड आहे’ असं विचारायचा, खेळणारा आकडा दाबायचा आणि विषय मिटायचा. ३२० × २०० ठिपक्यांचं (पिक्सेलचं) चित्र तेव्हा ४:३ च्या काचेवर पूर्ण पसरायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच असायचा. म्हणून चित्रकार चेंडू ६० ठिपके रुंद आणि ५० ठिपके उंच असा चपटा काढत, आणि काचेवर तो गोल दिसे. मॉनिटरचा आकार सगळ्यांकडे एकच असल्यामुळे हे जमून जायचं. तेच गेम आज चौकोनी ठिपक्यांवर जसेच्या तसे उघडले, की त्यातली माणसं बुटकी दिसतात, ती याच कारणाने.

पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला स्वतःचं असं ठरलेलं रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, नव्हतं. ६४० × ४८० द्या, ८०० × ६०० द्या, तो काढून दाखवायचा. झेपलं नाही तर सरळ काळा व्हायचा आणि मधोमध ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी यायची. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसल्यावर ती पाटी आली, की कॅफेवाल्या दादाला हाक मारण्याशिवाय उपाय नसायचा. पण ते मशीन निदान खरं सांगायचं. जमत नाही म्हणजे जमत नाही.

सपाट पॅनेल आलं आणि हा प्रामाणिकपणा गेला. पॅनेलचे ठिपके कारखान्यातच ठरतात. वेगळ्या मापाचं चित्र आलं तर ते मापात बसवलं जातं, ताणून किंवा दाबून, आणि बघणाऱ्याला कोणीही काही सांगत नाही. नेमक्या याच सुमाराला, जानेवारी २००५ मध्ये, युरोपातल्या उत्पादकांच्या एका संघटनेने ‘एचडी रेडी’चा शिक्का जाहीर केला.

या शिक्क्याच्या अटी नीट वाचायला हव्यात. पॅनेल रुंद आकाराचं असावं आणि त्यात किमान ७२० आडव्या ओळी असाव्यात. ७२०पी (७२० ओळी, सगळ्या एकदम) आणि १०८०आय (१,०८० ओळी, एका वेळी निम्म्या) हे दोन्ही सिग्नल ५० आणि ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा, घेता यावेत. अ‍ॅनालॉग कंपोनंट जोडणी हवी, शिवाय डीव्हीआय किंवा एचडीएमआय ही डिजिटल जोडणी हवी आणि त्यावर कॉपीला आळा घालणारी यंत्रणा हवी. अटींचा गाभा एवढाच. उभे स्तंभ किती असावेत याचं बंधन नव्हतं. त्यामुळे ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही १,०२४ × ७६८ अशा आडव्या, लांबट ठिपक्यांचे असूनही शिक्का मिळवत होते. आलेला सिग्नल ठिपक्याला ठिपका जुळवून दाखवला पाहिजे, अशीही अट नव्हती. ‘रेडी’ म्हणजे सिग्नल घ्यायला तयार. तो दाखवणार कसा, हा प्रश्न शिक्क्याच्या कक्षेतच आला नाही.

सर्वाधिक खपलेलं पॅनेल १,३६६ × ७६८ चं. १,०२४ × ७६८ च्या दिवसांपासून ७६८ हा आकडा ओळखीचा होता. त्याला १६:९ ने रुंद केलं की १,३६५.३३ येतात, ते वर ओढून १,३६६ केले. आता यावर ७२० ओळींचं चित्र पाठवलं, तर दर १५ ओळींच्या १६ ओळी कराव्या लागतात. १,०८० ओळींचं पाठवलं, तर साधारण दर ७ ओळींच्या ५. म्हणजे टीव्हीच्या जगात जे दोन मान्य सिग्नल होते, त्यांतला एकही या टीव्हीवर जसाच्या तसा उमटत नव्हता. कॉम्प्युटर व्हीजीए वायरने जोडला तर रुंदीला आठने भाग जायला हवा, म्हणून बऱ्याचदा १,३६० चंच चित्र मिळायचं आणि सहा स्तंभ वाया जायचे. भरीस भर म्हणजे बरेच टीव्ही जुन्या ट्यूबच्या सवयीने चारही कडा थोड्या कापायचे. कोपऱ्यातला स्कोअर अर्धा गायब झाला, की मेनूत खोलवर जाऊन ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधायचं. हे करायचं असतं हे किती घरांत कोणाला माहीत होतं?

शिक्क्याची बाजू मांडणारे म्हणतात, की ग्राहकाने घेतलेला टीव्ही पुढच्या प्रक्षेपणाला निकामी ठरू नये, एवढाच हेतू होता आणि तो साधला. ते मला मान्य आहे. पण नाव असं ठेवलं, की माणसाला चित्राची खात्री दिल्यासारखं वाटावं. २००७ मध्ये १०८०पी (१,०८० ओळी, सगळ्या एकदम) साठी वेगळा शिक्का काढावा लागला. ‘फुल एचडी’ हा शब्द तर उत्पादकांनी आपापल्या जाहिरातींतूनच रूढ केला. आपल्याकडे दुकानात ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ अशी जोडी लागते, त्यात पहिल्याचा अर्थ ‘जरा कमी एचडी’ असा होऊन बसला आहे. मूळ अटींशी त्याचा फारसा संबंध उरलेला नाही.

गेम बनवणाऱ्यांनी मात्र या शिक्क्यावर विसंबून मोठा निर्णय घेतला. २००५-०६ ला नव्या पिढीचे कन्सोल आले आणि घराघरात ७२० ओळी आहेत असं धरून अक्षरांची मापं ठरली. २००६ मधल्या एका गाजलेल्या झाँबीच्या गेममध्ये सूचनांची अक्षरं इतकी बारीक होती, की जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर ती वाचताच येईनात. गेम तर धावपळीचा, आणि पुढे कुठे जायचं ते त्या अक्षरांतच लिहिलेलं. यावर वाद झाला. एक बाजू म्हणाली, नवं यंत्र नव्या टीव्हीसाठीच आहे, कुठेतरी रेघ ओढावी लागते. दुसरी बाजू म्हणाली, त्याच कन्सोलच्या स्वस्त खोक्यात पिवळी-लाल-पांढरी साधी वायर दिली होती, मग जुन्या टीव्हीवाल्यांना गिऱ्हाईक मानलं होतं की नाही? मला दुसरी बाजू पटते. वायर विकली म्हणजे जबाबदारीही घेतली. आणि आतून चित्र तरी कुठे पूर्ण होतं? २००७ चा एक बहुचर्चित गेम प्रत्यक्षात १,१५२ × ६४० वर चित्र काढून मग ते मोठं करत होता. हे बाहेर आल्यावर रिझोल्यूशन म्हणजे नक्की कुठला आकडा मोजायचा, यावर नवी भांडणं सुरू झाली.

तेच १,३६६ × ७६८ पुढे स्वस्त लॅपटॉपांत उतरलं आणि बरीच वर्षं मुक्कामाला राहिलं. इथली अडचण वेगळी. ७२० ओळींचा गेम खिडकीत उघडला, तर ७६८ मधून खालच्या टास्कबारचे ४० जातात, वरच्या पट्टीचे तीसेक जातात आणि उरतात ७०० च्या आत. सगळ्यात खालची बटणं टास्कबारमागे दडतात. ‘पुढे जा’ हे बटण नेमकं तिथेच ठेवलेलं असतं. नंतर फुल एचडी लॅपटॉप आले, तर विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवण्याची सोय, १२५ टक्क्यांवर. ज्या गेमला हे समजत नाही त्याला स्क्रीन १,५३६ × ८६४ ची आहे असं कळतं. असं पॅनेल बाजारात शोधूनही सापडायचं नाही, पण आकडेवारीत ते हजेरी लावतं.

आकडेवारीचंच बघायचं, तर पीसी गेम बनवणारे बहुतेकजण एका मोठ्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या मासिक सर्वेक्षणावर भिस्त ठेवतात. मे २०१८ मध्ये ते चालवणाऱ्यांनीच कबूल केलं, की ऑगस्ट २०१७ पासून सायबर कॅफेतले खेळणारे प्रमाणाबाहेर मोजले गेले होते. एकाच मशीनवर अनेकजण लॉगिन करतात आणि ते मशीन पुन्हा पुन्हा गणतीत येत होतं. हिशोब दुरुस्त झाला. पण मधल्या नऊ महिन्यांत ज्यांनी त्या तक्त्यावरून निर्णय घेतले, त्यांचे गेम तसेच बाजारात गेले. शिवाय तक्ता किती ठिपके ते सांगतो. स्क्रीन किती इंची आणि माणूस किती लांब बसला आहे, हे त्यात नसतं.

हाच घोळ आता ‘एचडीआर’च्या, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक ठळक दाखवण्याच्या, शिक्क्याने चालू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मॉनिटरसाठी श्रेणी ठरल्या, त्यातली सर्वांत खालची ४०० निट्सची (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक). ठिकठिकाणचा प्रकाश वेगळा कमी-जास्त करण्याची सोय त्या श्रेणीला सक्तीची नाही. सिग्नल घेतला जातो, काळोख मात्र राखाडीच राहतो. रात्रीचे प्रसंग रंगवणाऱ्या कलाकारांची मेहनत तिथे वाया जाते.

मराठीत गेम करणाऱ्यांना हा सगळा इतिहास दुप्पट भोवतो. रोमन अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत बसतं. देवनागरीला शिरोरेखा हवी, तिच्यावर मात्रा आणि रफार, खाली उकार. २०२२ मध्ये आलेल्या एका हातात धरायच्या १,२८० × ८०० च्या यंत्रावर गेमला पसंतीची खूण हवी असेल, तर सर्वांत लहान अक्षर ९ ठिपक्यांहून कमी उंच नको असा नियम आहे. रोमनला तो पुरतो. ‘र्धू’ किंवा ‘द्धृ’ नऊ ठिपक्यांत लिहून बघा.

आमच्या एका छोट्या गेममध्ये दोरीजवळ गेलं, की ‘धर’ असा शब्द उमटायचा. ऑफिसच्या मॉनिटरवर तो स्वच्छ दिसत होता. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर लावला आणि सात ओळींच्या पाच होताना ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजून गेली. टीव्हीसमोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीने मोठ्याने ‘घर’ असं वाचलं आणि ती उलट दिशेला घर शोधत निघाली. आम्ही अक्षर २० ठिपक्यांवरून २८ वर नेलं, शिरोरेखा जाड केली, तरी दहा फुटांवरून खात्री होईना. शेवटी ‘धर’ काढून ‘पकड’ लिहिलं.