सोनारानं कान टोचले, जीभ कोण टोचणार?

शेजारची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. परवा माझ्या विश्रामबागेतल्या दवाखान्यात आली आणि खुर्चीत बसता बसताच विचारलं, "काका, जीभ टोचताना फार दुखतं का?" दुखणं दोन मिनिटांचं असतं. मी तिच्या हातात आरसा दिला आणि जीभ वर उचलायला सांगितली.

जिभेखाली दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतात. धमन्या त्याहून खोल असतात, त्या दिसत नाहीत. सुई जायला हवी ती डाव्या आणि उजव्या बाजूच्या मधून, अगदी मधल्या रेषेत, कारण तिथं मोठ्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. टोचणाऱ्यानं आधी बॅटरी लावून जिभेची खालची बाजू पाहिलीच नाही, तर पैसे दिलेले असले तरी उठून यावं.

जिभेला हाड नसतं, हे आपण बडबड्या माणसाबद्दल म्हणतो. खरोखरच जीभ म्हणजे नुसते स्नायू, आणि त्यांना भरपूर रक्तपुरवठा. त्यामुळं टोचल्यावर ती सुजते, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. या सुजेला जागा हवी म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी, म्हणजे टोकांना गोळे असलेला जिभेतला दागिना, घालतात. सूज उतरली की दोन-तीन आठवड्यांनी ती काढून आखूड दांडी घालायची असते. ही दुसरी फेरी बरेच जण चुकवतात, आणि आम्हा दातवाल्यांचं काम तिथून सुरू होतं.

लांब दांडीचा गोळा दातांमध्ये येतो. भडंगाचा घास घेताना दाढ कचकन त्याच्यावर पडली की टवका उडतो. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, पुन्हा तयार होत नाही. त्याहून लबाड प्रकार हिरड्यांचा. रिकामपणी माणूस तो गोळा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला घासत बसतो, आणि आपण घासतोय हे त्याला कळतही नाही. तिथली हिरडी पातळ, तिच्यामागचं हाडही पातळ. महिनोन्‌महिने हे चाललं की हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. दुखत काहीच नाही, आरशातही दिसत नाही. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही.

आता सुई. "आम्ही उकळून घेतो" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर घाबरावं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. चिवट जंतूंचे बीजाणू त्याला दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं ठेवतात, तत्त्व आपल्या कुकरचंच. सुई मात्र नवी, सीलबंद आणि आपल्यासमोर फोडलेलीच हवी. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. कावीळ ब आणि धनुर्वाताची लस झाली आहे का, हेही आधी बघावं. दांडी इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवण्याजोग्या, टायटॅनियमची असावी, कारण स्वस्त धातूतल्या निकेलची अनेकांना ॲलर्जी असते.

लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झाल्या असतील, तर हा विचारच सोडून द्यावा. तोंडातले जंतू जखमेतून रक्तात शिरून झडपेवर ठाण मांडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि साखर आटोक्यात नसलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. जखम भरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तिखट, सिगारेट, मशेरी सगळं बंद. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. आणि हळद सांगलीची असली तरी त्या जखमेत भरायची नाही. सूज वाढून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं.

"रक्तदान?" तिनं विचारलं. टोचल्यावर १२ महिने करता येत नाही, म्हटलं.

ती जीभ दातांच्या आतून फिरवत थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि नाक टोचलं तर?"

"सुईच्या अटी त्याच," मी म्हटलं, "पण नाकात दात नसतात."