पुनर्जन्म आणि पुनर्भव, एकच वाटतात पण एक नाहीत

मागच्या वर्षी माझ्या शाळेतल्या एका मित्राची आई गेली. बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली आणि पाच-दहा मिनिटांत मेसेजची रांग लागली, सगळे एकाच साच्यातले, "ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो", "काकूंच्या आत्म्यास सद्गती लाभो", हात जोडलेले इमोजी, मीही तेच टाकलं. मित्राचं घर बौद्ध, त्याच्या आजोबांनी 1956 ला नागपुरात दीक्षा घेतलेली. तेव्हा तो काही बोलला नाही. पुढे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पुण्य वाटून देण्याच्या बौद्ध विधीच्या दिवशी त्याच्याकडे गेलो, सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं गॅलरीत उभे होतो तेव्हा म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, ते कळलं रे. पण त्या एका ओळीत ईश्वरपण आहे आणि आत्मापण आहे, आणि आई दोन्ही मानत नव्हती."

मला काय बोलावं सुचेना. कारण तोपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की हिंदू काय बौद्ध काय, पुनर्जन्म दोघांतही आहे, कर्म दोघांतही आहे, म्हणजे आत्मा असणारच, नाहीतर परत जन्मतं कोण? हाच प्रश्न घेऊन नंतर बरंच वाचलं, मित्राला आणि त्याच्या काकांना विचारून विचारून पिडलं, आणि जे कळलं ते इथे मांडतोय, कारण ही गल्लत माझ्या एकट्याची नाही, खूप जणांची आहे.

आधी आपल्या ओळखीची बाजू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला श्लोक सगळ्यांनी ऐकलेला असतो, वासांसि जीर्णानि, जुने कपडे टाकून माणूस नवे घालतो तसा आत्मा जुना देह टाकून नवा घेतो. ज्ञानेश्वरीत तेच किती गोड आलंय बघा, "जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे, मग नूतन वेढिजे, तैसें देहांतरातें स्वीकारिजे, चैतन्यनाथें". यात कपडे बदलले तरी घालणारा तोच आहे, आणि सगळं त्या घालणाऱ्यावर उभं आहे. बृहदारण्यक उपनिषदात गवतावरच्या अळीचा दाखला आहे, अळी पात्याच्या टोकाला पोचली की पुढच्या पात्यावर आधी पकड घेते आणि मग मागचं अंग ओढून घेते, तसा आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो. अळी तीच, पातं नवं.

आता यात एक बारीक गोष्ट आहे जी आपल्या घरात फारशी बोलली जात नाही. अद्वैतवाले, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारे, म्हणतात की आत्मा खरं तर कुठे जातही नाही आणि येतही नाही, तो सगळीकडे आहेच, प्रवास करतो तो सूक्ष्म देह, म्हणजे मन, बुद्धी, इंद्रियांच्या शक्ती आणि साठलेल्या वासना यांचं गाठोडं. मध्वाचार्यांच्या द्वैतात तर प्रत्येक जीव कायमचा वेगळा, मोक्षानंतरही वेगळाच. भांडणं भरपूर आहेत, पण एक न बदलणारं काहीतरी आत आहे, आणि "मी" म्हणजे शेवटी ते आहे, एवढं सगळ्यांना मान्य.

जैनांचंही या मुद्द्यावर हिंदूंसारखंच, जीव आहे, तो खरा आहे, कर्माचे सूक्ष्म कण त्याला चिकटतात. पण त्यांच्या मते मेल्यावर जीव जवळजवळ लगेच दुसरा देह घेतो, त्यामुळे श्राद्ध-पिंडाला जागाच उरत नाही. ते एक स्वतंत्र प्रकरण आहे, इथे एवढंच पुरे.

आता दुसरी बाजू. बौद्ध विचारात माणूस म्हणजे पाच स्कंध, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान, सोप्या भाषेत सांगायचं तर शरीर, सुखदुःख जाणवणं, ओळखणं, मनाच्या सवयी-ओढी आणि जाणीव. पाचही सतत बदलणारे, आणि या पाचांच्या मागे बसलेला सहावा मालक कोणी नाही. यालाच अनात्म म्हणतात, पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, अनत्ता.

मग जन्म कोणाचा होतो? हा प्रश्न खुद्द बुद्धाच्या काळात त्याच्या स्वतःच्या भिक्खूलाही पडला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. साती नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा, तो सगळ्यांना सांगत सुटला की भगवंतांनी असंच शिकवलंय की हेच विज्ञान, म्हणजे हीच जाणीव, एका जन्मातून दुसऱ्यात फिरत राहते. इतर भिक्खूंनी समजावलं, ऐकेना, शेवटी बुद्धासमोर नेलं. बुद्धाने विचारलं, कोणतं रे ते विज्ञान? साती म्हणाला, जे बोलतं, जे अनुभवतं, जे बऱ्यावाईट कर्माचं फळ भोगतं ते. बुद्धाने त्याला चांगलंच झापलं, की असं मी कोणाला कधी शिकवलं? आणि मग आगीचा दाखला दिला. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची, गोवऱ्यांवर पेटली तर गोवऱ्यांची, तुसावर पेटली तर तुसाची. सरपण नसताना नुसती "आग" म्हणून कुठे लपून बसलेली नसते. जाणीवही तशीच, कारण असेल तोवर पेटते.

म्हणजे साती जे म्हणत होता ते जवळजवळ आपल्या आत्म्याचंच बोलणं होतं, फक्त नाव बदललेलं. मीही इतकी वर्षं साती होतो.

पण सगळ्यात जास्त समजलं ते "मिलिंदपञ्ह" या पाली ग्रंथातल्या मिलिंद राजाच्या प्रश्नांमधून. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातला, सागल ही त्याची राजधानी, आजचं सियालकोट म्हणतात ते. तो नागसेन नावाच्या भिक्खूला उलटसुलट प्रश्न विचारतो आणि नागसेन एकेक दाखला देत जातो. राजा विचारतो, जो जन्माला येतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, "न च सो, न च अञ्ञो", तोही नाही आणि दुसराही नाही. आता हे ऐकून कोणीही वैतागेल, राजाही म्हणतो, दाखला द्या. तेव्हा नागसेन विचारतो, रात्रभर एक दिवा जळतोय, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग रात्री वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही, एकाच दिव्याच्या आधाराने उजेड रात्रभर राहिला. दूध, दही, लोणी, तूप हाही त्याचाच दाखला, तूप म्हणजे दूध नव्हे पण दुधावाचून ते आलं नसतं. घरात साय विरजून तूप कढवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी काहीच न जाता पुन्हा जन्म कसा? एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातली ज्योत उठून दुसऱ्यात गेली का? किंवा लहानपणी गुरुजींकडून एक श्लोक शिकलास, तो श्लोक गुरुजींच्या तोंडातून निघून तुझ्यात आला का, म्हणजे त्यांच्याकडचा संपला का? हा श्लोकाचा दाखला माझा सगळ्यात आवडता. रामरक्षा मला आजीने शिकवली, आजीची काही ती कमी झाली नाही, पण आजी नसती तर माझ्याकडे ती आलीही नसती.

राजा सोडत नाही. तो म्हणतो, तोच माणूस नसेल तर पापातून सुटलाच की! नागसेन सांगतो, एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले, पकडल्यावर म्हणाला, महाराज, याने लावला होता तो वेगळा आंबा, मी तोडले ते वेगळे, माझा काय गुन्हा? तू त्याला सोडशील का? राजा म्हणतो, नाही, शिक्षा करीन, कारण हे आंबे त्याच आंब्यापासून आले. झालं. आत्मा नसला तरी कर्माची जबाबदारी सुटत नाही, ती साखळीतून येते.

इथेच दोन शब्दांचा फरक कळतो. पुनर्जन्म म्हटलं की मनात येतं कोणीतरी परत जन्मलं. पाली ग्रंथांत येणारा शब्द आहे पुनब्भव, पुनर्भव, म्हणजे पुन्हा होणं. होणं आहे, होणारा "तोच" कोणी नाही. मराठीत दोन्हीसाठी सरसकट पुनर्जन्म लिहितात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

इथे कोणी विचारेल, मग जातककथा, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी, त्यांचं काय? पाली जातकात 547 कथा आहेत आणि शेवटी बुद्ध म्हणतो, तेव्हाचा तो राजा, तो ससा, तो हत्ती मीच होतो. हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर असं की ते व्यवहाराचं बोलणं आहे, जसं मी चौथीतला फोटो दाखवून "हा मी" म्हणतो. नागसेनाने रथाचंही तसंच सांगितलंय, चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, सगळं बाजूला काढलं तर रथ नावाची वेगळी वस्तू उरत नाही, पण सगळं जोडलेलं असताना रथ म्हणणं खोटंही नाही. तिबेटचंही असंच, दलाई लामांबद्दल बातमी आली की मराठीत हमखास "आत्म्याने नवा जन्म घेतला" असं काहीतरी छापतात, पण तिबेटी परंपरासुद्धा अनात्मच मानते, चित्ताचा प्रवाह पुढे चालतो असं म्हणते.

शेवटही वेगळा आहे. मोक्ष म्हणजे आत्मा बंधनातून सुटला, कोणी म्हणतं ब्रह्मात मिळाला, कोणी म्हणतं वैकुंठाला गेला, सुटणारा आहेच. निर्वाण म्हणजे विझणं, तृष्णेचं तेल संपलं, दिवा शांत झाला, आता ज्योत कोणत्या दिशेला गेली हा प्रश्नच लागू होत नाही. आणि आमच्या तुकोबांना तर मोक्षच नको, "तुका म्हणे गर्भवासीं सुखें घालावें आम्हांसी", संतसंग मिळणार असेल तर परत जन्म चालेल! हे वाचलं की मला दरवेळी भरून येतं, कारण तो "आम्ही" तिथे आहे, पुन्हा यायला तयार असलेला.

हा सगळा फरक पुस्तकातच राहत नाही, माणूस गेल्यावर घरात काय करतात त्यात तो दिसतो. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला घाटावर पिंड ठेवले आणि आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत उभे. अर्धा तास कावळा शिवेना. मग एकेकाने पुढे होऊन हात जोडून सांगायला सुरुवात केली, आईला सांभाळू, धाकटीचं शिक्षण पूर्ण करू, आणि काका म्हणाले, गावच्या जमिनीवरून भांडणार नाही, आणि कावळा आला. तिथे वडील होते, ऐकत होते, आमच्यासाठी ते अगदी खरं होतं. दहा दिवसांच्या पिंडांनी गेलेल्याला देह मिळतो, सपिंडीला तो पितरांत मिसळतो, भाद्रपदात पक्षाला त्याला जेवायला बोलावतात, या सगळ्याला कोणीतरी घेणारा लागतो.

मित्राच्या घरी कावळा नव्हता. पांढरे कपडे, काकूंचा फोटो, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, मग "अनिच्चा वत संखारा", म्हणजे जे जे घडलेलं आहे ते अनित्य. आणि नंतर जलदान. ताटात एक भांडं ठेवलं आणि मित्र आणि त्याची बहीण दोघं मिळून तांब्यातून त्यात पाणी ओतत होते, बारीक धार, गाथा चालू होती की भरलेल्या नद्या जशा सागराला भरतात तसं इथून दिलेलं गेलेल्यांना लाभो, भांडं भरलं, पाणी काठावरून ताटात सांडायला लागलं तरी धार चालूच. मला आधी वाटलं, हे तर्पणच की. मित्राच्या काकांनी सांगितलं, यात पाणी कोणी पीत नाही, आम्ही जे चांगलं केलं त्याचं पुण्य वाटून देतो, आणि ते वाटताना आमचंच मन स्वच्छ होतं.

महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत बौद्ध 65 लाखांच्या वर आहेत, आणि त्यांच्या घरातलं चित्र समजायचं तर बाबासाहेबांशिवाय समजत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही हे स्पष्ट आहे. त्यांच्या निधनानंतर 1957 ला आलेल्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" मध्ये त्यांनी हा प्रश्न सरळ दोन भागांत फोडला, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. पहिल्याचं उत्तर, देह ज्या पृथ्वी, आप, तेज, वायू या तत्त्वांचा बनलाय ती मरणानंतर नष्ट होत नाहीत, पुन्हा एकत्र येतात, त्या अर्थाने होतो. दुसऱ्याचं, आत्म्याचा तर नाहीच. आणि मागच्या जन्माच्या पापामुळे माणूस या जन्मी गरीब किंवा खालच्या जातीत जन्मतो ही समजूत त्यांनी साफ नाकारली. हे मला फार मोठं वाटतं. ज्या लोकांना शेकडो वर्षं सांगितलं की तुमचे हाल ही तुमचीच मागची कमाई, त्यांच्यासाठी हा तत्त्वज्ञानातला बारकावा नव्हता, डोक्यावरचं ओझं उतरणं होतं. थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या जुन्या बौद्ध परंपरेच्या, ग्रंथांतली साखळी आणि बाबासाहेबांची मांडणी यातही फरक आहे, पण न बदलणारा आत्मा दोन्हीत नाही.

म्हणून कोणी "शेवटी सगळं एकच हो" म्हणालं की आता मला ते पटत नाही. माझ्या वडिलांसाठी मी ठेवलेला पिंड आणि मित्राने काकूंसाठी ओतलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही प्रेमाने केलेल्या.

त्याच प्रतिज्ञांत एक अशीही आहे की आज माझा नवा जन्म होत आहे असे मी मानतो. मित्राच्या आजोबांनी ती दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत उभं राहून म्हटली होती, जिवंतपणी, आणि घरात ते आपलं वय त्या दिवसापासून मोजायचे.

गेल्या महिन्यात काकूंना वर्ष झालं. ग्रुपवर मी लिहिलं, "काकूंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. त्यांनी शिकवलेली खीर अजूनही आमच्या घरी होते." मित्राचा लगेच फोन आला, म्हणाला, रविवारी ये घरी, ताईपण येतेय.